पाटा पाण्यात, वरवंटा घरात

आई,

यंदा पाणी फारच खाली गेलंय. होळीच्या आधीच धरणात बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंतींनी डोकी वर काढली आणि पाडव्याला मारुतीच्या देवळाचा कट्टा कोरडा पडला. तू असतीस तर भाकरी थापता थापता विचारलं असतंस, "पाणी कुटवर हटलंय रं?" दर उन्हाळ्यात तू हे विचारायचीस. नव्या गावठाणात येऊन कितीतरी वर्षं झाली, पत्र्याच्या खोलीचं स्लॅबचं घर झालं, तरी चैत्र लागला की तुझा हा प्रश्न ठरलेला. बाहेरच्याला वाटायचं, बाईला मासेमारीची काळजी आहे. आम्हाला माहीत होतं की तुला धरणाचं, माशांचं, गाळपेरीच्या कलिंगडांचं काही पडलेलं नाही. तुला तुझा पाटा पाहिजे होता.

गाव उठलं तेव्हा मी लहान होतो, त्यामुळं मला फार थोडं आठवतं, आणि जे आठवतं त्यातलं किती माझं आणि किती तुझ्या तोंडून ऐकलेलं, हे मला आता सांगता येणार नाही. दारात बैलगाडी उभी आहे. आबा कणगी उचलतायत. पाटा स्वयंपाकघरातल्या जमिनीत बसवलेला होता, तो उकरून काढायला वेळ लागणार, म्हणून आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपंला आणू." तू वरवंटा मांडीवर घेऊन गाडीत बसलीस. पुढची खेप काही झाली नाही, पाणी त्याआधीच गल्लीत शिरलं. पाटा तिथं राहिला आणि वरवंटा इकडं आला. तेव्हापासून आपल्या घरात 'पुढची खेप' म्हणजे कधीच न होणारी गोष्ट. मी नव्या चपलांचा हट्ट धरला की तू म्हणायचीस, "आणतील की तुजं आबा, पुढच्या खेपंला." आबा टोपी घालून बाहेर पडायचे.

पाटाही साधा नव्हता, माहेरचा होता. तुझ्या आईनं वाटून वाटून मध्ये खोल झालेला, तुझ्या लग्नात आजोबांनी सांगोल्याहून गाडीत घालून आणलेला. वाटेत एका ओढ्यात गाडी कलंडली आणि पाट्याचा कोपरा उडाला. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की तो ओढा मला स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. गाडी कलंडली तेव्हा नवी नवरी असलेली तू कुठं जाऊन पडलीस, तुला लागलं का, हे मात्र कधी सांगितलं नाहीस. सगळं दुःख त्या कोपऱ्याचं.

आता माझा धंदा सांगितला तर तू हसशील. तू गेलीस तेव्हा मी आबांसारखाच जाळं टाकत होतो. आता टाकत नाही. मी लोकांना मासे कुठं आहेत ते दाखवतो. थंडीत फ्लेमिंगो बघायला गर्दी येते, तेव्हा होडी पक्ष्यांकडं. होळीनंतर पक्षी जायला लागतात आणि गळवाले यायला लागतात, पुण्याचे, सोलापूरचे. त्यांच्याकडं घडीच्या काठ्या असतात, रिळं असतात, डबाभर रबरी बेडूक असतात. मी त्यांना होडीत घालून नेतो. कुठल्या भिंतीच्या सावलीत रोहू येईल, कुठल्या बुडालेल्या बाभळीत मरळ बसली असेल, वारा कधी सुटेल आणि कधी परत फिरायचं, एवढं सांगायचं माझं काम. गाईड म्हणतात मला. ते मासा धरतात, त्याला दोन्ही हातांत घेऊन फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. व्हय, सोडतात. तुझा चेहरा मला दिसतोय. "धरायचा आन सोडायचा? मग धरायचा कशाला?" याचं नीट उत्तर माझ्याकडं अजून नाही. पण हातातून सुटताना मासा शेपटीचा एक फटकारा मारतो आणि खाली जातो, तेव्हा मला बरं वाटतं.

तू तर सांगोल्याची. तिकडं घागरभर पाण्यासाठी टँकरमागं पळणारी माणसं, आणि तुला दिली ती नदीकाठी, आणि मग त्या नदीचाही असा समुद्र झाला. पोहायला तू कधीच शिकली नाहीस. पण होडी घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा आबांनी गुऱ्हाळातली एक जुनी काहिल आणली, गूळ करायची, आणि तीच आपली नाव झाली. काहिलीला ना पुढं ना मागं. वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरक्या घेते. आबांनाही ती नीट वळायची नाही, पण तू मात्र पदर खोचून बसायचीस आणि दोन इकडं, एक तिकडं असं मारत तिला सरळ रेषेत न्यायचीस. आबा जाळं टाकायचे, मी तळाशी बसून पाणी उपसायचो. तेव्हाही तू मला दम द्यायचीस, "आरं, हळू. पानी सांडू नगंस." चहूबाजूंनी नजर पोचेल तिथवर पाणी, आणि मी तांब्यानं उपसलेलं पाणी सांडतोय म्हणून तू ओरडतेस. आबा हसून हसून जाळ्याची दोरी सोडून द्यायचे. तुला मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

तुला वाचता येत नव्हतं. मामाचं कार्ड आलं की मी शाळेतून आल्यावर वाचून दाखवायचो. मामा मोठा रडका. पाऊस नाही, टँकर आला नाही, दोन शेरडं मेली, बाग जळली, असंच सगळं लिहायचा. ते वाचताना तुझा चेहरा उतरायचा, म्हणून मी मनानंच पाऊस पाडायचो. "इकडे पाऊस समाधानकारक आहे, शेरडांना पिल्ले झाली." तू डाळ निवडत शांतपणे ऐकून घ्यायचीस, सुपातला खडा बाजूला टाकायचीस आणि म्हणायचीस, "झालं? आता खरं वाच." तुला कसं कळायचं कुणास ठाऊक. मग मी खरं वाचायचो. तू ऐकायचीस आणि उठून चुलीकडं जायचीस.

आणि वरवंट्याचा तो आवाज. नव्या घरी आबांनी मोडनिंबच्या बाजारातून नवा पाटा आणला. काळा, सपाट, चांगला टणक. पण वरवंटा जुन्या खोलगट पाट्याला घासून घासून पोटाशी फुगीर झालेला. तो सपाट पाट्यावर नीट टेकेना, डुगडुगायचा. तू वाटायला बसलीस की टक टक टक टक असा आवाज घरभर व्हायचा. मला शाळेला उठवायला कोंबड्याची गरज नव्हती. पाट्याला टाकी लावणारी बाई यायची ती दरवर्षी सांगायची, "बाय, वरवंटा दुसरा घे की. ह्यो ह्याला बसायचा न्हाय." तू म्हणायचीस, "ह्यो ऱ्हाऊ दे. ह्याचा पाटा हाय माजा, पाण्यात हाय." ती बिचारी पाण्याकडं बघायची, मग तुझ्याकडं बघायची, आणि टाक्या मारायला लागायची.

हे सगळं यंदा इतकं वर आलं त्याला कारण अण्णा. अण्णांचं सोलापुरात सात रस्त्याजवळ मोटारपंपांचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, पण गल्ल्यावर अजून हेच बसतात. दर चैत्रात एक आठवडा ते गळ टाकायला माझ्याकडं येतात. जन्मात मासा खाल्लेला नाही, अंडंसुद्धा नाही. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. होडीत पाय ठेवायच्या आधी ते शर्टाच्या आत नीट सरकवतात आणि मगच काठी उचलतात. गळाला गांडूळ लावायचं म्हटलं की तोंड फिरवतात, म्हणून मी त्यांच्यासाठी कणकेत शेंगपेंड मळून गोळे करून ठेवतो. घरी सांगून येतात की अक्कलकोटकडं शेतावर चाललोय. त्यांच्या बायकोला, काकींना, म्हणे अजून पत्ता नाही. मला वाटतं त्यांना चांगला पत्ता असणार, कारण त्या दर वर्षी दोन माणसांना आठवडाभर पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून देतात. मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, खायचं न्हाई तर मग हे कशाला?" तर म्हणाले, "मासा म्हंजी पाण्यातला पाव्हणा रे. भेटायचं, आन जाऊ द्यायचं." तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून हे कदाचित चालेल, पण तुला पटणार नाही.

त्यांना भेटायची होती मरळ. इतकी वर्षं येतायत, रोहू लागले, कटला लागला, चिलाप्यांना तर गणतीच नाही, पण मरळ काही या माणसाच्या गळाला येत नाही. यंदाही पहिल्या दिवशी वारा असा सुटला की होडी एका जागी ठरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखं होतं. एक चांगला दांडगा रोहू लागला, अण्णांनी त्याला पाण्यातच धरून गळ काढला, "शिवा, शिवा" म्हणत सोडून दिला आणि हात धुतले. मग पुन्हा बाभळींकडं, रबरी बेडूक टाक, ओढ, टाक, ओढ. मी त्यांना ऊन डोक्यावर यायच्या आधी ओढा धरणाला मिळतो त्याच्या आतल्या अंगाला नेतो, तिथं गवत आहे, मरळीला आवडणारी जागा आहे. दोनदा बेडकापाशी पाणी उसळलं. दोन्ही वेळा अण्णांनी घाईनं ओढलं. "यप्पा," एवढंच म्हणून ते खाली बसले. मरळीला तोंड मिटायला वेळ द्यावा लागतो, हे मी त्यांना दर वर्षी सांगतो आणि ते दर वर्षी मान डोलावतात.

आठवड्याच्या मध्यावर एका दुपारी वारा सुटला म्हणून मी होडी जुन्या गावाच्या भिंतीला लावली. ही माझी ठरलेली जागा. जो कुणी येईल त्याला मी तिथं थांबवतो, आणि भिंतीच्या पलीकडं बोट करून सांगतो, "इथं आमच्या आईची चूल होती." लोक वाकून बघतात. पुण्याच्या एका बाईंनी तर हात जोडले होते. अण्णांनी चटणीचा डबा उघडला आणि एक घास खाऊन म्हणाले, "ही मिक्सरची. आमच्या अव्वाची पाट्यावरची खायला पायजे होतीस तू." आईला ते अव्वा म्हणतात. मग मी तुझ्या पाट्याची गोष्ट सांगितली. सांगोल्याची गाडी, उडालेला कोपरा, पुढची खेप, डुगडुगणारा वरवंटा, सगळं. त्यांचा घास हातातच राहिला. ते भिंतीकडं बघत होते.

"म्हंजी पाटा हितंच हाय?"

"असंल की. गाळात असंल."

"आन इतकी वर्षं तू मला हितं बसवून मासे दाखवतोस व्हय?"

मी म्हटलं, अण्णा, इतकी वर्षं इथं भिंतीचं डोकं तेवढं वर असायचं, खाली पुरुषभर पाणी. ज्या दोन-तीन दुष्काळांत पाणी हटलं त्या वेळी, आई, तू स्वतः आली होतीस, पण गुडघाभर गाळ, त्यात कुठली भिंत कुणाची हेच कळायला मार्ग नव्हता, आणि एकदा तर तू त्या गाळात रुतून बसलीस, आबांनी तुला ओढून काढली, तुझी एक चप्पल अजून तिथंच आहे. तू गेल्यावर मी शोधलं नाही. कुणासाठी शोधायचं, असं वाटायचं. अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. नंतर दिवसभर त्यांचं गळाकडं लक्ष नव्हतं. मासा लागला तरी मीच सांगायचो, अण्णा, दोरी बघा.

शेवटच्या आदल्या दिवशी पाणी आणखी थोडं उतरलेलं. त्याच भिंतीपाशी अण्णांनी बेडूक टाकला आणि तो कुठंतरी अडकला. ओढून सुटेना. मी पँट दुमडून उतरलो. पाणी मांडीपर्यंत होतं, गाळ त्या मानानं कमी, बहुतेक वाऱ्यानं आणि लाटांनी धुऊन नेलेला. दोरी धरून हात खाली घातला तर दगडाची कड लागली. चौकोनी, आत पोकळ. मी पुन्हा चाचपलं. दगडी डोणी होती, गुरांना पाणी पाजायची, आणि आतल्या अंगाला एक भेग. त्या भेगेवर माझं बोट गेलं आणि आई, माझ्या हातातली दोरीच सुटली. ही डोणी मला चांगली आठवते. या डोणीत पाय धुतले म्हणून मी मार खाल्ला होता, आणि तो तुझा नाही, शेजारच्या काकूंचा. त्यावरून, आणि त्यांच्या कोंबड्यांनी तुझ्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या त्यावरून, तुम्हा दोघींचा जो अबोला सुरू झाला तो नव्या गावठाणात येऊनही सुटला नाही. डोणी आपल्या दारात नव्हतीच. आपल्याकडं म्हैस कुठं होती?

म्हणजे ती भिंत काकूंची. जिच्याशी तू जन्मभर बोलली नाहीस, तिच्या चुलीला इतकी वर्षं मी लोकांना नमस्कार करायला लावत होतो. मी तिथंच पाण्यात उभा राहून हसायला लागलो. अण्णांना वाटलं, गळ लागला मला. ते होडीतून विचारतायत, "काय झालं रे, रक्त आलं का?" आणि मला बोलता येत नव्हतं. शेवटी सांगितलं तेव्हा तेही हसले, पण लगेच गंभीर झाले. "मग तुमचं घर कंच्या बाजूला?" काकूंच्या दारातून बाहेर पडून नदीकडं तोंड केलं की आपलं घर डाव्या हाताला. तिकडं तर मी कधी होडीच नेली नव्हती, कारण तिथं भिंत म्हणून काही उरलेलं नाही, नुसतं गवत आणि दगडांचा ढीग. त्या दिवशी ऊन चढलं होतं, वारा सुटायला लागला होता. आम्ही परत फिरलो.

शेवटची सकाळ ही अण्णांची सगळ्यात आवडती. वारा नसतो, मरळ वर येते, आणि ते दर वर्षी म्हणतात, आज लागणार. यंदा त्यांनी काठ्या होडीच्या तळाशी ठेवून दिल्या. मी म्हटलं, "अण्णा, शेवटची सकाळ हाय. मी नंतर येऊन बघीन पाट्याचं." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पुढच्या खेपंला का?" म्हणाले. मी होडी ढकलली. होडी बांधायची पहार मी सोबत घेतली होती. दगडांच्या ढिगापाशी आम्ही दोघं उतरलो, अण्णांनी धोतराचा काचा मारला, लिंग शर्टाच्या आत सरकवलं, आणि दोन म्हातारी माणसं पाय चाचपत चाचपत तुझ्या घरात शिरली. मी म्हातारा झालो हे तुला पटायचं नाही, पण गुडघे तसं म्हणतात.

उंबऱ्याचा दगड सापडला. तिथून उजवीकडं चूल, चुलीच्या पलीकडं पाटा, एवढं माझ्या डोक्यात होतं. गवताची मुळं पायात येत होती. अण्णा दगड लागला की ओरडायचे, "हा बघ," आणि तो साधा दगड निघायचा. असे कितीतरी दगड झाले. मग माझ्या तळपायाखाली काहीतरी गुळगुळीत आलं. मी पाय सरकवला, तो मध्ये खाली उतरला आणि पलीकडं परत वर चढला. मी अंगठ्यानं कड धरून पुढं पुढं गेलो, आणि जिथं कोपरा असायला हवा तिथं तो नव्हता. मी खाली वाकलो आणि हात घातला. पाणी तोंडाला लागत होतं. तुझ्या तोंडून ऐकलेला तो उडालेला कोपरा माझ्या हातात होता, आणि मी दुसऱ्या हातानं अण्णांना खूण केली.

नेमकं त्याच वेळी अण्णा एकदम थबकले. त्यांच्या पायाला घासून काहीतरी लांबट, जड असं गेलं, दगडाशी वळलं आणि आम्हा दोघांच्या मधून शांतपणे गवतात शिरलं. चांगली हातभर मरळ होती. काठ्या होडीत. अण्णांनी वाकून गवत बाजूला करून बघितलं. मग म्हणाले, "भेटली की." आणि पहार मागितली.

पाटा सुटायला वाटलं तेवढा त्रास झाला नाही, खालची माती भिजून मऊ पडली होती. पण वजन म्हणजे वजन. होडीत चढवताना होडी एका अंगाला इतकी कलली की सांगोल्याच्या ओढ्याची आठवण झाली. काठाला आल्यावर सून म्हणून तुला जिचा फार अभिमान होता त्या माझ्या बायकोनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मिक्सर हाय की घरात. ह्यो धोंडा कुटं ठिवायचा?" अण्णांनी तिला सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मग तिनं आत जाऊन काथ्या आणला, आणि पाटा अंगणात ठेवून दुपारभर घासला. अण्णांना सोलापूरला परतायचं होतं. जाताना ते पाट्याला नमस्कार करून गेले आणि म्हणाले, "वरवंटा बसला की मला फोन कर."

ते गेल्यावर बायकोनं पाट्याला हळदीकुंकू लावलं. लसूण, मिरची, भाजलेले शेंगदाणे, मीठ घेतलं. तुझा वरवंटा आणला. तिनं तो पाट्यावर ठेवला आणि तो पाट्याच्या पोटात असा काही जाऊन बसला, की जणू इतकी वर्षं दोघं एकमेकांचीच वाट बघत होते.

झालं. आता तू म्हणशील, आता खरं वाच.

बसला नाही, आई. तो दोन्ही टोकांना टेकला आणि मधे फट राहिली, माझं बोट आरपार गेलं. बायकोनं जोर लावून पाहिलं, दुसऱ्या अंगानं फिरवून पाहिलं. लसणाची पाकळी पाट्याच्या खळग्यात तशीच पडून राहिली, वरून वरवंटा गेला तरी तिला धक्का नाही.  माझ्या आधी तिच्या लक्षात आलं. तिनं वरवंटा उचलला, आत नेला आणि बाजारातल्या त्या काळ्या सपाट पाट्यावर ठेवून एकदा फिरवला. कसला आवाज नाही, कुठं फट नाही. "आत्याबाईंनी ह्यो ह्याला लावून घेतला," ती म्हणाली. वरवंट्याचं ते फुगीर पोट तू रोज थोडं थोडं झिजवलंस, वर्षानुवर्षं, आणि तो त्या परक्या पाट्याचा होऊन गेला.

तेव्हापासून मी आठवायचा प्रयत्न करतोय की ती टकटक कधी थांबली. मी शाळेत असताना होती, हे नक्की. माझ्या लग्नात होती का? आठवत नाही. एके दिवशी तो आवाज आलाच नसेल आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नसेल. पण तुझ्या ध्यानात आलं असणार. ज्या हातानं वाटायचं त्या हाताला कळल्याशिवाय कसं राहील? म्हणजे तुला माहीत होतं, की आता पाटा मिळाला तरी त्याचा उपयोग नाही. तरी तू दर चैत्रात विचारायचीस, पाणी कुटवर हटलंय. मला त्या दुपारी तुझा राग आला, आणि रडूही आलं, आणि त्यातच वाटलं की बरं झालं. तुला हे घर मानवलं होतं. तू आम्हाला ते सांगितलं नाहीस, एवढंच.

पाटा आता अंगणात कडुलिंबाखाली आहे. बायको सकाळी त्याच्या खळग्यात तांब्याभर पाणी ओतते, चिमण्या येतात. ते पाणी सांडलेलं धरू नकोस. होडी मी अजून काकूंच्याच भिंतीला लावतो, कारण सावली तिथं आहे आणि रोहू तिथं आहेत. लोकांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. परवा एकानं विचारलं तेव्हा म्हटलं, इथं आमच्या शेजाऱ्यांची चूल होती, चांगली माणसं होती. तुझी माफी मागतो.

हे पत्र कुठं पाठवायचं असा प्रश्नच नाही. पाठवलं तरी तुला वाचून दाखवायला मीच लागणार. म्हणून घडी घालून ठेवून देतो. एकच सांगायचं राहिलं. आज सकाळी अण्णांचा दुकानातून फोन आला होता. मागं गिऱ्हाइकांचा गलका, तरी त्यांनी आधी तेच विचारलं, "बसला का रे वरवंटा?"

मी म्हटलं, "बसला की, अण्णा. अगदी बसला." त्यांनी काही खरं वाच म्हटलं नाही.